बाळ रडतंय म्हणजे दूध कमी आहे असं नाही

बाळंतीण घरी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हिला दूधच उतरलेलं नाही, पोर उपाशी आहे." म्हणणारी सासू असो, मावशी असो नाहीतर बाळ बघायला आलेली शेजारीण, काळजीपोटीच म्हणते. पण बहुतेक वेळा दूध कमी नसतंच. बाळाने छाती नीट धरलेली नसते, किंवा त्याला पुरेशा वेळा अंगावर घेतलेलं नसतं. या दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. त्या तशाच ठेवून पावडरचा डबा आणला की मग मात्र दूध खरंच कमी व्हायला लागतं. पहिल्या बाळाच्या वेळी आईला यातलं फारसं कुणी नीट सांगत नाही, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांपुरतं हे सविस्तर लिहिलंय.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, थेंबाथेंबाने येणारा. पहिल्या चोवीस तासांत सगळा मिळून साधारण ३० ते ४० मिली, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ऐकून धस्स होतं, पण बाळाला एका वेळी ५ ते ७ मिलीच पुरतं. चिकात रोगाशी लढणारी प्रथिनं भरपूर असतात आणि त्याने पोट साफ होतं, त्यामुळे काळी चिकट शी लवकर बाहेर पडते आणि कावीळ वाढायला आळा बसतो. चीक 'जड' म्हणून पिळून टाकायची पद्धत काही घरांत अजून आहे. अजिबात टाकू नका. त्याच्या जागी मध, साखरपाणी किंवा मधात उगाळलेलं सोनंही चाटवू नका. मधातून बोटुलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे जंतू जाऊ शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही.

पहिल्यांदा पाजायचं ते जन्मानंतर तासाभरात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ४१.८ टक्के बाळांनाच पहिल्या तासात आईचं दूध मिळाल्याचं दिसलं. घरी झालेल्या बाळंतपणांचं प्रमाण आता कमी आहे, म्हणजे हा उशीर बराचसा दवाखान्यांतच होतो. सिझेरियन झालं तरी भूल कमरेतून दिलेली असेल तर आई जागी असते, आणि नर्सने बाळ छातीवर धरून दिलं तर ते तिथेच पिऊ शकतं. दवाखान्यात नाव घालतानाच हे विचारून ठेवा: "सिझर झालं तर बाळ माझ्याजवळ किती वेळात देता?"

भरपूर दूध उतरतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि त्यानंतर दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला मोकळीक मिळते. पहिलटकरीण, सिझेरियन, मधुमेह, बाळंतपणात जास्त रक्त गेलेलं, अशा वेळी पाचवा दिवसही उजाडतो. तोवर बाळाला चिकावरच, पण वारंवार घ्यायचं. दूध उतरल्यावर पुढचा कारभार मागणीवर चालतो: छाती जितकी रिकामी होते तितकं दूध लवकर तयार होतं, भरून राहिली की वेग मंदावतो. "छाती भरू दे, मग पाज" हा सल्ला म्हणूनच उलटा आहे.

धरायचं कसं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

आधी आईची बैठक. पाठ भिंतीला किंवा लोडाला टेकलेली, पाय जमिनीवर किंवा पाटावर, मांडीवर एक-दोन उशा. बाळ छातीच्या उंचीला यायला हवं. आई बाळावर वाकून बसली की दोन दिवसांत पाठ धरते आणि बाळाच्या तोंडातून छाती सारखी निसटते. पाजण्यासाठी खास वळणदार उशी विकत मिळते, पण घरची उशी घडी घालून घेतली तरी पुरते.

नवशिक्या आईला सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे विरुद्ध हाताने धरणं. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर. तळवा बाळाच्या दोन्ही खांद्यांच्या मधे, अंगठा आणि बोटं मानेशी कानांच्या मागे. डोक्याच्या मागच्या बाजूला दाब द्यायचा नाही. डोकं मागून ढकललं की बाळ अंग ताठ करून उलट मागे रेलतं, आणि मग "याला छातीच नको वाटते" असं म्हटलं जातं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून प्यावं लागत असेल तर त्याला गिळायला त्रास होतो. तुम्ही खांद्यावरून मागे बघत पाणी पिऊन पाहा, लगेच कळेल. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ जवळ नीट येत नाही, म्हणून पाजताना दुपटं सोडा.

मोकळ्या डाव्या हाताने छातीला खालून आधार. अंगठा बाळाच्या नाकाच्या बाजूला, बाकीची बोटं हनुवटीच्या बाजूला, आणि ही सगळी बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या बरीच मागे. आपण वडापाव खाताना तो ओठांना समांतर धरून जरा दाबतो, तेच इथे करायचं, म्हणजे इवल्या तोंडात जास्त भाग मावतो. दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरून द्यायची रीत आपल्याकडे फार चिवट आहे. थोरल्या बायका हौसेने तीच शिकवतात. पण कात्रीची बोटं नेमकी काळ्या भागावर येतात, बाळाला आत घ्यायला जागाच उरत नाही, आणि ते नुसतं बोंड चावत बसतं.

आता बाळाचं नाक बोंडासमोर आणा, तोंड नाही. बोंड वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. बाळ डोकं किंचित मागे नेऊन जांभई द्यावी इतकं तोंड उघडेल. त्याला कधी पाच सेकंद लागतात, कधी मिनिट. अर्धवट उघडलेल्या तोंडात घाईने बोंड कोंबलं की पुढचं सगळं बिघडतं. तोंड पूर्ण उघडलं की बाळाला झटकन जवळ घ्या. हनुवटी आधी टेकली पाहिजे. बाळ छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही.

नीट धरलंय हे ओळखायचं असं: हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं किंवा जेमतेम टेकलेलं, खालचा ओठ बाहेर उलटलेला, काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त आणि खाली कमी दिसणारा, गाल भरलेले. चटक-चटक आवाज येत असेल किंवा गालांना खळ्या पडत असतील तर पकड वरवरची आहे. सुरुवातीला बाळ भराभर चोखतं. मिनिटभरात पान्हा फुटला की चोखणं संथ, खोल होतं आणि मधे मधे हनुवटी क्षणभर थांबते. त्या थांबण्यात बाळ तोंडभर दूध घेत असतं. शांत खोलीत गिळण्याचा बारीकसा आवाजही येतो. पान्हा फुटताना आईला कधी छातीत मुंग्या येतात, दुसऱ्या बाजूने दूध टपकतं, एकदम तहान लागते. पहिल्या आठवड्यात ओटीपोटात कळाही येतात. कारण पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिनच गर्भाशय आवळत असतं.

पहिले २०-३० सेकंद ओढ बसल्यासारखं वाटणं चालतं. त्यापुढे दुखत राहिलं तर दात-ओठ खाऊन सहन करू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मधे घाला, पकड सुटेल, मग पुन्हा धरायला लावा. तसंच ओढून काढलं तर चिरा पडतात. दूध पिऊन झाल्यावर बोंडाकडे एकदा बघा. गोल असेल तर ठीक. एका बाजूने चपटं, तिरकं किंवा टोकाला पांढरं पडलं असेल तर पकड उथळ होती.

नाक दबतंय या भीतीने बोटाने छाती खाली दाबून धरायची सवयही सोडा. त्याने पकड सैल होते आणि त्या जागी दुधाची गाठ होऊ शकते. बाळाचं ढुंगण आपल्या अंगाकडे ओढा, डोकं आपोआप मागे झुकतं आणि नाक मोकळं होतं.

सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर बाळ काखेखालून धरा: पाय मागच्या बाजूला, अंग तुमच्या बगलेत, डोकं पुढे तळहातावर. छाती जड असेल किंवा जुळी असतील तरी ही पद्धत बरी. रात्री कुशीवर झोपून, बाळाला समोर कुशीवर घेऊन पाजता येतं. त्यात अंथरूण कडक हवं, बाळाच्या तोंडाजवळ गोधडी-उशी नको, आणि आईने गुंगी आणणारं औषध घेतलेलं असेल तर पाजताना कुणीतरी जागं हवं. सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं.

किती वेळा, किती वेळ

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा. घड्याळ लावून नाही, बाळाच्या खुणांवर. डोकं इकडेतिकडे वळवणं, जीभ बाहेर काढणं, मूठ तोंडाकडे नेणं, या भुकेच्या पहिल्या खुणा. रडणं ही शेवटची, आणि टाहो फोडणाऱ्या बाळाला धरायला लावणं अवघड असतं. आधी खांद्यावर घेऊन शांत करा.

उलट बाजूची अडचण झोपाळू बाळाची. नवव्या महिन्याच्या आधी जन्मलेली, वजनाने लहान किंवा कावीळ वाढलेली बाळं चार-चार, पाच-पाच तास झोपतात आणि घरातले "किती गुणी आहे" म्हणतात. जन्माचं वजन भरून येईपर्यंत तीन तासांच्या वर झोपू देऊ नका. कपडे काढा, लंगोट बदला, तळपायाला गुदगुल्या करा, उघड्या अंगाने छातीशी घ्या. दोन घोट घेऊन परत झोपलं तर छाती हलकेच दाबून सोडा, तोंडात दूध आलं की चोखायला लागेल.

"दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे" हा नियम विसरा. छाती जसजशी रिकामी होते तसतसं दूध स्निग्ध होत जातं. बाळाने पहिली बाजू स्वतःहून सोडू दे, ढेकर काढा, मग दुसरी द्या. घेतली तर घेतली. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने सुरुवात. कुठल्या बाजूने सुरू करायचं ते रात्री तीन वाजता आठवत नाही. गाउनला त्या बाजूला एक सेफ्टी पिन टोचून ठेवा.

दुसरी रात्र जड जाते. पहिला दिवस झोपेत काढलेलं बाळ दुसऱ्या रात्री दर तासाला मागतं. पुढेही कितीतरी बाळं संध्याकाळी पाच ते दहाच्या दरम्यान सलग पीत राहतात. अशी सारखी मागणी करूनच ते उद्याचं दूध वाढवत असतं. नेमक्या याच वेळी डबा उघडला जातो.

दूध पुरतंय हे कशावरून

रडण्यावरून नाही. छाती मऊ लागते त्यावरून नाही. पंपाने किती निघालं त्यावरून तर नाहीच, कारण पंपापेक्षा बाळ जास्त काढतं. पाजल्यावरही वाटीतलं दूध प्यायलं यावरूनही नाही. तोंडाशी येईल ते नवजात बाळ गिळतंच. खरे पुरावे दोन: लंगोट आणि वजनकाटा.

शू पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असं वाढत जाऊन सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर घाबरू नका, ते शूतल्या युरेट नावाच्या क्षाराचे कण असतात. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध कमी पडतंय. शी काळी, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार. दिवसातून तीन-चार वेळा किंवा जास्तही. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर त्याच दिवशी दाखवा. हा हिशोब ठेवायचा तर पहिला आठवडा कापडी लंगोटच बरे. डायपर सगळं शोषून घेतो आणि मोजणी चुकते.

वजन आधी घटतं. ७ टक्क्यांपर्यंत घट सर्रास होते. १० टक्क्यांच्या जवळ गेली तर कुणीतरी जाणत्याने पाजणं प्रत्यक्ष बघायला हवं. म्हणजे ३ किलोचं बाळ २.७९ किलो झालं तर ठीक, २.७ झालं तर वाट बघत बसू नका. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन परत यावं, आणि नंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढावं. काटा तोच हवा आणि बाळ उघडं हवं. दोन वेगळ्या काट्यांत शंभर ग्रॅमचा फरक सहज निघतो, आणि तेवढ्यावर घरभर रडारड होते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात, आणि वजन करणं त्यांच्या कामातच येतं. शहरात त्या आपोआप येत नसतील तर आरोग्य केंद्रात नाव द्या.

काय बिघडतं

दूध उतरतं त्या दिवसांत छाती ताठरते, कडक होते, कातडी चकचकते. काळा भागही कडक झाल्याने बाळाला धरताच येत नाही. पाजायच्या आधी दोन-तीन मिनिटं कोमट फडका, मग बोटांची टोकं बोंडाभोवती ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर स्थिर दाब. सूज मागे सरकते, काळा भाग मऊ होतो. लगेच बाळाला लावा. पाजून झाल्यावर गार पाण्याची पट्टी. शेगडीचा शेक छातीला तासभर देत बसू नका. उष्णतेने सूज वाढते.

चिरा पडल्या तर मलम शोधण्याआधी पकड दुरुस्त करा. नाहीतर कुठलंच मलम पुरणार नाही. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात, पाजून झाल्यावर दुधाचाच थेंब लावून वाळू द्या. साबण, डेटॉल, हळदीचा जाड लेप नको.

बोंड चपटं किंवा आत गेलेलं असेल तरी पाजता येतं, कारण बाळ पितं ते काळ्या भागातून. मदतीला एक साधा उपाय आहे. १० किंवा २० मिलीची नवी सिरिंज घ्या, सुई लावायचं टोक आडवं कापून टाका, दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घाला. दुसऱ्या टोकाची कड कारखान्यातच गुळगुळीत केलेली असते, ती बोंडावर टेकवा आणि दट्ट्या हळूहळू मागे ओढा. बोंड आत ओढलं गेलं की अर्धा-एक मिनिट तसंच धरा. दुखलं तर लगेच सैल करा. काढताना दट्ट्या आधी किंचित आत ढकला. पाजायच्या आधी दरवेळी हे करून लगेच बाळ लावा. सिरिंज दरवेळी धुऊन ठेवा, आणि हे बाळंतपणानंतरच, गरोदरपणात नाही.

एका जागी दुखरी गाठ लागली तर जोरजोरात चोळू नका. मालिशवाल्या बाईलाही चोळू देऊ नका. आतली सूज वाढते. बाळाला त्या बाजूला पाजत राहा, मधे गार पट्टी ठेवा. कातडी लाल, अंगात कणकण आणि ताप चढला तर चोवीस तासांच्या आत डॉक्टर. तिथे दिली जाणारी बरीच प्रतिजैविकं पाजणाऱ्या आईला चालतात. दुखणाऱ्या बाजूचं पाजणं थांबवलं की पू होण्याचा धोका वाढतो. आईच्या तापामुळे दूध 'नासतं' हे खरं नाही.

बाळ दुसऱ्या खोलीत असेल तर

बाळ काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला लागा, आणि चोवीस तासांत किमान आठ वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री. अंगठा आणि पहिलं बोट बोंडापासून साधारण तीन सेंटिमीटर मागे, समोरासमोर. आधी छातीकडे मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. हेच पुन्हा पुन्हा. बोंड पिळायचं नाही, कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. एकेका बाजूला तीन-चार मिनिटं, धार मंदावली की बोटांची जागा फिरवा, असं सगळं मिळून वीस-तीस मिनिटं. पहिल्या दिवशी वाटी कोरडीच दिसेल. चीक चमच्यावर किंवा सिरिंजमध्ये गोळा करा, एक मिलीही वाया घालवायचा नाही. महागडा इलेक्ट्रिक पंप चिकाच्या दिवसांत फारसा उपयोगी पडत नाही. घट्ट थेंब त्याच्या नळीतच चिकटून राहतात.

काढलेलं दूध झाकून खोलीत चार तास, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चोवीस तास, दारात नाही. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह तर नकोच. भांडं कोमट पाण्यात धरायचं. पाजायला बाटली नको, पहिल्या महिन्यात तरी नक्कीच नको. बाटलीच्या निपलवर चोखण्याची रीत वेगळी, आणि तिची चटक लागलेलं बाळ छातीवर कंटाळतं. वाटी-चमचा किंवा चोच असलेली पळी घ्या, दहा मिनिटं उकळून. बाळ जरा उभं धरा, कड खालच्या ओठाला लावा, त्याला चाटून घेऊ द्या. तोंडात ओतलं तर ठसका लागतो. आईचं दूध मिळतच नसेल तर मोठ्या रुग्णालयात दूधपेढीची, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून ठेवणाऱ्या केंद्राची चौकशी करा. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयातच सुरू झाली.

खाणं, घुटी आणि बाकीचं

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपू, लसूण, सगळं खुशाल खा. अन्न म्हणून उत्तमच. मात्र दूध वाढतं ते बाळाने छाती रिकामी केल्याने. लाडवाचा डबा संपवून बाळाला चार तासांनी पाजलं तर लाडू बाळंतिणीच्या कमरेवर बसतात. डाळ, वांगं, कोबी, दही बंद करायची गरज नाही. तहान लागेल तेवढं पाणी प्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू राहतात, हे बऱ्याच जणी विसरतात. मिश्री लावायची सवय असेल तर ती आताच सोडा, निकोटीन दुधातून बाळाकडे जातं.

बाळाला सहा महिने वरचं पाणी नको, नागपूरच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. जास्त उकडलं तर जास्त वेळा पाजा. घुटीचं म्हणाल तर सहाण, पाणी आणि मुरुडशेंग-वेखंडाचे तुकडे निर्जंतुक नसतात, आणि पोटातली तेवढी जागा दुधाची जाते. घरात वाद नको असेल तर "डॉक्टरांनी सहा महिने काहीच द्यायचं नाही म्हणून लिहून दिलंय" असं सांगा, आणि खरंच लिहून घ्या. व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, हे मात्र द्यायचे, कारण आईच्या दुधात ते पुरेसं नसतं. नवजात बाळाची छाती कधी कधी सुजून त्यातून पांढरा थेंब येतो, मुलग्यांच्याही. मालिश करताना ती पिळायची नाही. जंतूसंसर्ग होतो.

खरंच कमी असेल तेव्हा

अशाही बायका असतात आणि त्यांना "मनात आणलं तर होतं" असं सांगणं क्रूर आहे. वारेचा तुकडा आत राहणं, बाळंतपणात खूप रक्त जाणं, थायरॉइड, छातीची जुनी शस्त्रक्रिया, छातीत दूधग्रंथीच कमी असणं, ही खरी कारणं. कधी अडचण बाळाकडे असते: जिभेखालचा पडदा आखूड असल्याने जीभ पुढे येत नाही. हे तपासून घ्या. दरम्यान वरचं दूध द्यावं लागलं तर ते आधी छातीवर घेऊन मग, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, वाटी-चमच्याने. दरवेळी वरचं दिलं की तेवढ्याच वेळी हाताने छाती रिकामी करा, नाहीतर शरीराला मागणी कमी झाल्याचा निरोप जातो. पावडरचं माप डब्यावर असेल तेच, सपाट चमचा. डबा पुरवायचा म्हणून पातळ केलेलं दूध बाळाला उपाशी ठेवतं, आणि घट्ट केलेलं मूत्रपिंडांवर भार टाकतं. डबा चांगला की वाईट हे दुकानातल्या फलकावरून ठरवू नका. तशी जाहिरात करायलाच १९९२च्या कायद्याने बंदी आहे.

बाळ चोखेनासं झालं, अंग गार पडलं किंवा ताप आला, पहिल्या आठवड्यातच तळहात-तळपाय पिवळे दिसले, पहिले दोन-तीन दिवस उलटल्यावर आठ-दहा तासांत शू झाली नाही, हिरवी उलटी झाली, तर पाजण्याचं तंत्र सुधारत बसू नका. १०८ला फोन करा किंवा थेट बालरोग विभाग गाठा.

बाकी सगळ्यासाठी कुणीतरी एकदा पूर्ण पाजणं डोळ्यांनी बघायला हवं. दवाखान्यातून घरी सोडायच्या आधी नर्सला "धरायला लावण्यापासून सोडेपर्यंत थांबून बघा" असं स्पष्ट म्हणा. दाराशी उभं राहून "पाजताय ना?" विचारलं म्हणजे तपासणी झाली असं नाही. पाचव्या दिवसाच्या सुमारास बाळाला दाखवायला नेताना घरून पोटभर पाजून निघू नका. झोपलेल्या बाळाचं पाजणं कुणालाच तपासता येत नाही. पुढून उघडणारा कपडा घाला, लंगोटांची नोंद असलेला कागद बरोबर घ्या, आणि तिथे पोहोचून वजन झालं की डॉक्टरांसमोर किंवा स्तनपान सल्लागारांसमोरच बाळाला अंगावर घ्या.